हे खाते कोणत्या कायद्याचे?

पाळी सुटली की चहाच्या टपरीवर, चाळीच्या गॅलरीत, युनियनच्या कचेरीत एक शब्द हमखास कानावर येतो : 'वरून'. वरून हुकूम आला. वरून अर्ज परत आला. वरून पैसे अडले. आता हे 'वरून' म्हणजे कुठून, असे विचारले की सांगणारा आभाळाकडे बोट दाखवतो. जणू फंडाची कचेरी, विम्याचे खाते, चौकशीची यंत्रणा हे सगळे पावसासारखे वरून पडते आणि आपण फक्त भिजायचे!

कामगार बंधू-भगिनींनो, लोकराज्यात 'वरून' नावाचे गाव कुठेच नाही. मध्यवर्ती सरकारची प्रत्येक कचेरी कुणीतरी, कधीतरी, कागदावर सही करून जन्माला घातलेली आहे. तिला बाप आहे, जन्मतारीख आहे, आणि तिने किती पावले टाकायची याची दोरीही तिच्या पायात बांधलेली आहे. ती दोरी म्हणजे कायदा. ज्याला ती दोरी दिसते त्याला साहेब या टेबलावरून त्या टेबलावर टोलवू शकत नाही. ज्याला दिसत नाही तो जन्मभर खेटे घालतो.

भाषिक राज्याच्या पत्रकात दिल्लीच्या खात्यांचे काय काम, असे कुणी म्हणेल. काम आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पण त्या राज्यात राहणाऱ्या माणसाचा फंड, पेन्शन, विमा, रेल्वे, पोस्ट, मोठे बंदर, आयकर हे सारे मध्यवर्ती सरकारच्या हाती आहे. आणि बेळगाव, निपाणी, कारवारकडची जी मराठी माणसे राज्याबाहेर राहिली, त्यांचा प्रश्न तर कोणत्या मंडळाला किती अधिकार होता याच एका गोष्टीवर अडून बसला. म्हणून हा विषय आमच्या घरचाच आहे.

आम्ही प्रत्येक कचेरीला तीन प्रश्न विचारतो. तुझा जन्म कुठला? तुझा लगाम कुणाच्या हाती? आणि तुझ्याविरुद्ध दाद कुठे? हे तीन प्रश्न ज्याला पाठ झाले त्याने निम्मी लढाई मारली असे समजा.

जन्म कुठला?

गिरणीत जशी खाती असतात, कार्डिंग, थ्रॉसल, सायझिंग, विणाई, तशी सरकारातही असतात. मध्यवर्ती सरकारचे मूळ खोड म्हणजे मंत्रालये. घटनेच्या ५३ व्या कलमाने कारभाराची सत्ता राष्ट्रपतींच्या नावाने चालते, आणि ७७ व्या कलमाखाली १९६१ साली कामवाटपाचे नियम केले गेले. कोणता विषय कोणत्या मंत्रालयाकडे हे त्या नियमांत लिहिलेले आहे. एखादे काम या मंत्रालयातून त्या मंत्रालयात हलवायचे तर नियमांत दुरुस्ती करून भागते, पार्लमेंटपुढे जावे लागत नाही. म्हणून अर्ज करण्याआधी हे काम आज कोणाकडे आहे ते पाहावे लागते. कालच्या दारावर आजची पाटी नसते.

या खोडाला ज्या फांद्या फुटल्या त्यांच्या चार कुळ्या आहेत.

पहिली कुळी घटनेची. निवडणूक आयोग ३२४ व्या कलमाने, हिशेब तपासणारा महालेखापरीक्षक १४८ व्या कलमाने, राज्यांना करातला वाटा किती हे सुचवणारा वित्त आयोग २८० व्या कलमाने. यांना मंत्रिमंडळ आपल्या मर्जीने मोडू शकत नाही. मोडायचे तर घटनाच दुरुस्त करावी लागेल. महालेखापरीक्षकाला काढायचे तर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकाच मोठा खटाटोप करावा लागतो. ज्याने सरकारचा हिशेब तपासायचा तो सरकारच्या भीतीने वाकू नये म्हणून ही तजवीज.

दुसरी कुळी पार्लमेंटच्या कायद्याची. कामगार राज्य विमा महामंडळ १९४८ च्या कायद्याने, प्रॉव्हिडंट फंडाची संघटना १९५२ च्या कायद्याने, आयुर्विमा महामंडळ १९५६ च्या कायद्याने जन्मले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला आणि त्याच वर्षी कायदा करून राष्ट्रीय तपास यंत्रणा उभी केली. या कुळीतल्या मंडळावर किती माणसे, ती कोणी नेमायची, पैसा कोठून आणायचा, काय करायचे आणि काय करायचे नाही, हे कायद्यातच छापलेले असते. कायदा सोडून पाऊल टाकले की कोर्ट थांबवू शकते.

तिसरी कुळी सरकारी कंपनीची. म्हणजे सरकार मालक, पण कारभार कंपनी कायद्याचा आणि संचालक मंडळाचा. नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशन, म्हणजे आपली एनटीसी, १९६८ साली अशीच कंपनी म्हणून नोंदली गेली.

चौथी कुळी ठरावाची. मंत्रिमंडळ बसले, ठराव केला, राजपत्रात छापला, झाली कचेरी! १५ मार्च १९५० रोजी नियोजन मंडळ असेच जन्मले. त्याला ना घटनेचे कलम, ना पार्लमेंटचा कायदा. पण पुढची सहा दशके राज्यांच्या योजनांना किती पैसा हे तिथे ठरत होते, आणि राज्यांचे मुख्यमंत्री तिथे आपली मागणी घेऊन जात होते. मग १ जानेवारी २०१५ रोजी दुसरा ठराव झाला आणि त्याच्या जागी नीती आयोग आला. उभे करायला कायदा लागला नव्हता, म्हणून मोडायलाही लागला नाही. यात नियोजन मंडळ चांगले की वाईट हा आमचा मुद्दा नाही. ज्या कचेरीचा पाया एका ठरावाचा, तिचे आयुष्य ठराव करणाऱ्याच्या मर्जीवर, एवढेच पक्के ध्यानात ठेवावे.

एनटीसीचे उदाहरण गिरणी कामगाराने जरा जवळून पाहावे. आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या त्या पार्लमेंटच्या कायद्याने. १९७४ चा राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला. १९८२ च्या संपानंतर १९८३ साली मुंबईतल्या तेरा गिरण्यांचा कारभार सरकारने घेतला, आणि १९९५ च्या कायद्याने त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. म्हणजे गिरणी घेताना पार्लमेंट बसले, चर्चा झाली, कलमे लिहिली गेली. पण २०२० च्या टाळेबंदीत एनटीसीच्या चालू असलेल्या २३ गिरण्या थांबल्या आणि टाळेबंदी उठल्यावरही भोंगा वाजला नाही, तेव्हा त्यासाठी कोणता कायदा पास करावा लागला? कोणताच नाही. घेताना जनतेच्या नावाने कायदा, आणि चालवताना कंपनीचा कारभार! कामगाराने सरकारला मालक समजून निश्चिंत राहावे आणि सरकारने आपण फक्त भागधारक आहोत असे वागावे, ही या तिसऱ्या कुळीची गोम आहे.

लगाम कुणाच्या हाती?

जन्म कळला, आता लगाम पाहू. घटनेच्या ७५ व्या कलमात स्पष्ट आहे की मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे. तेव्हा कचेरीतल्या कारकुनापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या कामाचा जाब शेवटी मंत्र्याने द्यायचा. हे नुसते पुस्तकातले नाही. मुंबईतच ते एकदा सगळ्या देशाने पाहिले.

१९५७ साली नव्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास रुपयांचे शेअर घेतले. विमा उतरवणाऱ्या गोरगरिबांचा तो पैसा. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न विचारला. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला यांची चौकशी नेमली गेली आणि १९५८ साली ती मुंबईत उघड्या दाराने चालली. मंत्र्यांची बाजू अशी, की हा व्यवहार आमच्या सेक्रेटरीने केला. छागलांनी निकाल दिला की सेक्रेटरीच्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येणार नाही. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. बघा, महामंडळ कायद्याने वेगळे होते, तरी जाब मंत्र्याला चुकला नाही. महामंडळाला सरकारने धोरणाचा हुकूम द्यायचा तर तो लेखी द्यावा, असे आयुर्विम्याच्या कायद्यातच लिहिले आहे. तोंडी निरोपाला तिथे जागा नाही. आमच्या गिरणीतसुद्धा मुकादम तोंडी सांगतो आणि कागदावर नाकारतो, तेव्हा लेखी हुकमाची किंमत आम्हाला कुणी शिकवायला नको.

दुसरा लगाम पैशाचा. पार्लमेंटने कायदा करून मंजुरी दिल्याशिवाय सरकारी तिजोरीतून दमडी काढता येत नाही, हे ११४ वे कलम. खर्च झाल्यावर महालेखापरीक्षक तपासतो, त्याचा अहवाल पार्लमेंटपुढे जातो, आणि लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारते.

तिसरा लगाम नियमांचा, आणि कामगाराने खरे लक्ष इथे द्यावे. पार्लमेंटचा कायदा म्हणजे मागावरचा ताणा. त्यात बाणा भरतात ते मंत्रालयातले साहेब लोक, नियम आणि योजना लिहून. वर्गणी किती टक्के, अर्ज कोणत्या नमुन्यात, पेन्शन किती, हे बहुधा कायद्यात नसते, नियमात किंवा योजनेत असते. २०१४ साली फंडाची किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरली, ती सरकारच्या अधिसूचनेने ठरली. तेव्हा फंडाच्या कचेरीतल्या कारकुनाशी भांडून पेन्शन वाढत नाही. ती ज्या टेबलावर ठरते तिथे मोर्चा न्यावा लागतो.

हे नियम राजपत्रात छापावे लागतात. बहुतेक कायद्यांत असेही असते की ते पार्लमेंटपुढे तीस दिवस ठेवावेत, आणि पार्लमेंट ते बदलू किंवा रद्द करू शकते. नियम कायद्याबाहेर गेले का हे पाहायला लोकसभेची एक समिती १९५३ पासून आहे. आणि कायद्याने जेवढा अधिकार दिला त्याच्यापुढे नियम गेला तर कोर्ट तो फेकून देते.

अमेरिकेत १९४६ साली एक सर्वसाधारण कायदा झाला. तिथल्या मध्यवर्ती खात्याला नवा नियम करायचा तर मसुदा आधी छापावा लागतो, लोकांचे म्हणणे मागवावे लागते आणि ते विचारात घ्यावे लागते. ज्याला नियम अन्यायाचा वाटतो तो कोर्टात जाऊन खात्याने ही पायरी पाळली का हे विचारू शकतो. आपल्याकडे असा सगळ्या खात्यांना बांधणारा एक कायदा नाही. काही कायद्यांत मसुदा आधी छापण्याची सक्ती आहे, कामगार कायद्यांत ती बहुधा असते. बाकी ठिकाणी २०१४ साली सरकारने ठरवलेले एक धोरण आहे, की मसुदा तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. पाळले तर पाळले, नाही तर कोर्टात दाखवायला कलम नाही.

ठरावाचा आयोग आणि कायद्याचा सुरा

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येऊ. २९ डिसेंबर १९५३ रोजी मध्यवर्ती सरकारने ठराव करून राज्य पुनर्रचना आयोग नेमला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर असे तीन सभासद. लोकांनी निवेदने दिली, साक्षी दिल्या, आपले भवितव्य या तिघांच्या हाती आहे अशी सगळ्यांची समजूत. सप्टेंबर १९५५ च्या अखेरीस अहवाल आला. त्यात विदर्भाचे वेगळे राज्य आणि बाकीचे द्विभाषिक मुंबई राज्य अशी शिफारस होती. पण आयोग ठरावाचा, त्याचा अहवाल म्हणजे सल्ला. अधिकार पार्लमेंटचा. ऑगस्ट १९५६ मध्ये जो कायदा झाला त्यात विदर्भासकट एकच प्रचंड द्विभाषिक राज्य निघाले, आणि बेळगावचा मुलूख म्हैसूरकडे गेला.

याविरुद्ध कोर्टात जाणारेही निघाले. मूळ विधेयक राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवले ते एका रूपात, आणि पार्लमेंटने पास केले ते दुसऱ्या रूपात, हे चालते का, असा बाबुलाल पराते यांच्या खटल्यातला प्रश्न. १९५९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की चालते. तिसऱ्या कलमाखाली राज्याचे मत विचारायचे, पण ते मत बांधील नाही, आणि दुरुस्ती केली म्हणून पुन्हा विचारण्याचीही गरज नाही. नवे राज्य साध्या बहुमताच्या कायद्याने घडते आणि तसेच मोडते. मग १९६० चा कायदा झाला आणि महाराष्ट्र झाला, तोही पार्लमेंटच्या कायद्यानेच. रस्त्यावरचे आंदोलन त्या कायद्यापर्यंत पोचले म्हणून झाला.

सीमेचे काय झाले? १९६६ साली महाजन आयोग नेमला. पुन्हा आयोगच. १९६७ मध्ये अहवाल आला, महाराष्ट्राने तो मानला नाही, आणि आयोगाच्या हातात अंमल करण्याची कोणतीही सत्ता नव्हती. १९५६ च्याच कायद्याने विभागीय परिषदा निर्माण केल्या. सीमेचे तंटे आणि भाषिक अल्पसंख्याकांचे प्रश्न तिथे चर्चेला घेता येतील असे त्या कायद्यात छापलेले आहे. पण परिषद सल्ला देणार, हुकूम नाही. त्यात सुरुवातीला मुंबई आणि म्हैसूर ही दोन्ही राज्ये पश्चिम विभागात होती. आज महाराष्ट्र पश्चिमेला आणि कर्नाटक दक्षिणेला! भांडणारे दोघे दोन वेगळ्या बैठकांत बसले तर तंटा मिटायचा कसा? दोन परिषदांची एकत्र बैठक घेण्याची सोय त्या कायद्यात आहे, एवढे सांगून ठेवतो.

आणखी एक कचेरी आहे, तिचे नाव आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. घटनेची सातवी दुरुस्ती १९५६ साली झाली तेव्हा ३५० ब हे कलम घातले गेले आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी निर्माण झाला. दुसऱ्या राज्यात राहिलेल्या मराठी माणसाला शाळा, कागदपत्र, नोकरी यांत जे संरक्षण कबूल केले ते मिळते का, हे त्याने तपासावे आणि राष्ट्रपतींना अहवाल द्यावा. तो अहवाल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. जन्म सर्वांत उंच कुळातला, घटनेचा. पण हातात अधिकार काय? चौकशी आणि अहवाल. हुकूम करता येत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की जन्म पाहून भुलू नका, हातातला अधिकार पाहा. उंच कुळातली कचेरी दुबळी असू शकते, आणि ठरावाची कचेरी राज्यांच्या तिजोऱ्या हलवू शकते.

२००४ साली महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा लावला. दोन दशके उलटली. ज्यांनी तरुणपणी या सभांतून घोषणा दिल्या त्यांची नातवंडे आता सभेला येतात.

राज्याच्या दारात दिल्लीची चौकशी

पोलीस हा विषय घटनेने राज्यांच्या यादीत घातला आहे. मग मध्यवर्ती चौकशी खाते, ज्याला सगळे सीबीआय म्हणतात, ते राज्यात शिरते कसे? त्याचे उत्तर १९४६ च्या एका जुन्या कायद्यात आहे, दिल्ली विशेष पोलीस दलाचा कायदा. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे राज्य सरकारची संमती असल्याशिवाय हे दल त्या राज्यात तपास करू शकत नाही. सीबीआय हे नाव मात्र त्या कायद्याने दिलेले नाही. ते १ एप्रिल १९६३ च्या गृहमंत्रालयाच्या ठरावाने आले. २०१३ च्या नोव्हेंबरात गुवाहाटी हायकोर्टाने नेमके यावरच बोट ठेवले आणि ठरावाने पोलीस दल बनत नाही असा निकाल दिला. तीनच दिवसांत सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. केवढी मोठी यंत्रणा, आणि पाया ठरावाचा की कायद्याचा यावर असा वाद!

महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये आपली सर्वसाधारण संमती काढून घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये परत दिली. एका सरकारने काढली, दुसऱ्याने दिली. आम्ही इथे कुठल्या पक्षाची बाजू घेत नाही. मुद्दा असा की ही संमती राज्याचा कायदेशीर हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. तिला अपवाद एकच मोठा, सुप्रीम कोर्ट किंवा हायकोर्टाने तपासाचा हुकूम केला तर संमती लागत नाही, हे २०१० साली सुप्रीम कोर्टाने सांगितले. उलट राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या २००८ च्या कायद्यात राज्याच्या संमतीची अशी अटच नाही. दोन्ही दिल्लीच्याच यंत्रणा, पण एकीला दार वाजवावे लागते, दुसरीला नाही. फरक कुठला? जन्माच्या कायद्याचा.

कामगाराचा फंड आणि कामगाराचे औषध

आता भाकरीचा हिशेब. कामगारांचे प्रश्न घटनेने सामाईक यादीत घातले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचेही. त्यामुळे खाजगी कापड गिरणीतल्या पगाराच्या तंट्यासाठी राज्याच्या कामगार खात्याकडे जावे लागते, आणि फंडासाठी केंद्राच्या कचेरीकडे. विम्याची गोष्ट तर अर्धी-अर्धी. वर्गणी घेते केंद्राचे महामंडळ. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के. पण मूळ व्यवस्थेप्रमाणे दवाखाने चालवायचे राज्य सरकारने. ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या खर्चाचे आठ वाटे केले तर सात महामंडळाचे आणि एक राज्याचा. काही इस्पितळे महामंडळ स्वतःही चालवते. आता औषध मिळाले नाही तर भांडायचे कुणाशी? दवाखान्यातला म्हणतो महामंडळाकडे जा, महामंडळातला म्हणतो दवाखाना राज्याचा. मधल्या मधे तापाने फणफणलेला माणूस दोन सरकारांच्या बाकावर बसून राहतो. म्हणून पहिला सवाल हाच करा, हा दवाखाना कुणाचा, राज्याचा की महामंडळाचा? आणि विम्याच्या हक्काचा तंटा असेल तर त्यासाठी विमा न्यायालय कायद्यानेच नेमलेले आहे, ते विसरू नका.

फंडाचेही तसेच. मालकाने पगारातून वर्गणी कापली आणि भरलीच नाही, तर तो नुसता उशीर नव्हे, विश्वासघाताचा गुन्हा आहे. थकलेली रक्कम ठरवायला फंडाचा अधिकारी चौकशी लावतो, आणि त्या चौकशीत त्याला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात. तेव्हा 'आम्ही काय करणार, मालक ऐकत नाही' हे उत्तर त्या खुर्चीवरून ऐकून घेऊ नका. ज्याला कायद्याने अधिकार दिला त्याच्यावर काम करण्याची जबाबदारीही कायद्यानेच टाकली आहे.

आणि हे ध्यानात घ्या की ही दोन्ही मंडळे निव्वळ साहेबांची नाहीत. १९५२ च्या कायद्याने फंडाच्या मध्यवर्ती मंडळावर मालकांचे दहा आणि कामगारांचे दहा प्रतिनिधी बसवले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अमलात आल्या, जुन्या २९ कायद्यांची जागा घेण्यासाठी केलेल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षेच्या संहितेतही फंडाचे मंडळ आणि विमा महामंडळ ही दोन्ही आहेत आणि कामगारांच्या जागाही आहेत. त्या जागांवर कोण बसले आहे? वर्षातून किती वेळा त्यांनी आपल्या गिरणीच्या दारात येऊन हिशेब दिला? सरकारला जाब विचारताना आपल्या प्रतिनिधीलाही विचारला पाहिजे.

शेवटी कोर्ट. सरकारी महामंडळ हे घटनेच्या अर्थाने 'राज्य'च आहे, त्यालाही मूलभूत हक्क पाळावे लागतात, असे सुप्रीम कोर्टाने १९७५ साली आयुर्विमा महामंडळ आणि दुसऱ्या मंडळांच्या खटल्यात सांगितले. म्हणून अशा मंडळाने मनमानी केली तर २२६ व्या कलमाने हायकोर्टाचे दार उघडे आहे. खाजगी मालकाविरुद्ध ते इतक्या सहज उघडत नाही.

अर्ज मराठीतच करा

कायदा कळला तरी साहेबापुढे गेल्यावर जीभ अडखळते, कारण अर्ज इंग्रजीत, पाटी हिंदीत. इथे एक कलम गाठीला बांधून ठेवा. घटनेचे ३५० वे कलम सांगते की तक्रार दूर करून घेण्यासाठी केंद्राच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे केंद्रात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, आणि राज्याच्या अधिकाऱ्याकडे त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज करण्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे. हा हक्क महाराष्ट्रातल्या कामगाराला आहे, तसाच बेळगावच्या शेतकऱ्याला आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातही त्या भागाच्या राजभाषेत अर्ज करता येतो. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. याच कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सरकारी कचेरीने आपली रचना, अधिकाऱ्यांचे अधिकार, कामाचे नियम असे सतरा प्रकारचे तपशील न मागता जाहीर करायचे आहेत, आणि ते करताना स्थानिक भाषेचा विचार करायचा आहे.

१९४६ च्या स्टँडिंग ऑर्डरच्या कायद्याने गिरणीमालकावर सक्ती केली की कामगारांना कळेल त्या भाषेत नियम गिरणीच्या दाराशी लावा. मालकाला जे बंधन घातले ते सरकार स्वतःला का घालून घेत नाही? मालकाच्या दारावर मराठी, आणि सरकारच्या दारावर कोडे, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ज्या यंत्रणेला माणसाला पकडण्याची, चौकशीची किंवा राज्याचा पैसा अडवण्याची ताकद आहे ती ठरावावर उभी राहू नये, तिला पार्लमेंटचा कायदा हवा. कोणत्याही खात्याचा नवा नियम मसुदा छापून आणि हरकती ऐकूनच व्हावा, आणि तशी सक्ती कायद्याने व्हावी. तो मसुदा आणि ते नियम महाराष्ट्रात मराठीत मिळावेत. भाषिक अल्पसंख्याकांच्या अधिकाऱ्याला नुसते लिहिण्याचे नव्हे, उत्तर मागण्याचे बळ द्यावे. फंडाच्या आणि विम्याच्या मंडळावरच्या कामगार प्रतिनिधींनी दरवर्षी कामगारांपुढे उभे राहावे.

पण मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. प्रत्येक गिरणीत, प्रत्येक चाळीत चार माणसे अशी तयार करा, की ज्यांना कोणती कचेरी कोणत्या कायद्याची हे तोंडपाठ आहे. शिक्षण चौथीपर्यंत असले तरी चालते. कलम वाचता आले पाहिजे आणि साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवता आला पाहिजे. पुढच्या वेळी कुणी 'वरून आले आहे' असे म्हणाला, की त्याला शांतपणे मराठीत विचारा : कोणत्या कायद्याने? कोणत्या कलमाने? आणि उत्तर लेखी मागा.